फिरता गर्भ: घोडीचे पहिले चाळीस दिवस

(कुरुंदा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



हळद शिजवण्याचे दिवस आहेत. दिवसभर शेतात राबून, अंगाला हळदीचा वास तसाच घेऊन तुमच्यापैकी कितीतरी जण इथे येऊन बसले आहेत. नरहर कुरुंदकरांनी ज्या गावाचे नाव आडनावातून महाराष्ट्रभर नेले, त्या गावात व्याख्यान द्यायला उभे राहताना माणसाने पूर्ण तयारीनिशी यावे. मी माझ्या परीने तसा आलो आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आठवीत असताना आम्हाला एक अंडे दाखवले होते. खुडूक कोंबडीखालचे, चौथ्या दिवसाचे. वर्गाच्या खिडकीत उन्हाला त्यांनी ते धरले, जाड टोकाकडून चिमट्याने कवचाचे कपचे एकेक करून काढले आणि आम्हाला रांगेने बोलावले. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचे जाळे पसरलेले आणि मधोमध एक लाल ठिपका. ठिपका मिटत होता, उघडत होता. गुरुजी काही बोलले नाहीत. मी पशुवैद्य झालो त्याचे मूळ त्या खिडकीत आहे, असे मला वाटते.

पुढे जनावरांचे गर्भ तपासण्यातच माझा जन्म गेला. गाई, म्हशी, शेळ्या हजारोंनी तपासल्या. घोड्या मात्र मोजक्याच. तरी आज मी बोलणार आहे घोडीबद्दल, आणि तेही तिच्या गर्भाच्या पहिल्या चाळीस दिवसांबद्दल. तो लाल ठिपका धडधडू लागतो त्याच्या आधी घोडीच्या पोटात जे घडते, त्यासारखे गाय, म्हैस, शेळी यांच्यात घडत नाही. आणि आपल्याकडे घोडी पाळणाऱ्या माणसाला नेमके तेच कोणी समजावून सांगत नाही.

घोड्याशी आपला संबंध संपला असे समजू नका. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, घोडदळ होते, हे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षाच्या शेवटी आजही घोड्यांचा बाजार भरतो. तिकडे खानदेशात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार. आषाढीच्या वारीत रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचे नाव आहे. मेंढ्यांच्या कळपामागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी धनगरांची ती तट्टे अलीकडेच देशी जात म्हणून अधिकृत नोंदवली गेली. आणि एक गोष्ट तर थेट तुमच्या बांधावरची आहे. शेतात साप चावला की दवाखान्यात जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देतात, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते, ते शुद्ध करून आपल्याला मिळते. या गावातही त्या रक्ताने वाचलेली माणसे असतील.

पण घोडा कमी होतो आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. अशा वेळी एखाद्याच्या दाराशी घोडी असेल, तर तिचे एकेक शिंगरू मोलाचे आहे.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. नोकरीचे दुसरे वर्ष, १९८० च्या दशकाचा मध्य. एका टांगेवाल्याने कुमाईत घोडी आणली. घोडा दाखवून २९ दिवस झाले होते. घोडी उलटली नव्हती, म्हणजे पुन्हा माजावर आली नव्हती, पण फळली का नाही याची त्याला खात्री हवी होती. सोनोग्राफीचे यंत्र तेव्हा आमच्या जिल्ह्याने पाहिलेलेही नव्हते. हाताला साबण लावून गुदद्वारातून हात घालायचा आणि आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपायचे, एवढीच तपासणी. मी दोन्ही शिंगे चाचपली. शिंगे म्हणजे गर्भाशयाचे दोन फाटे. घोडीचे गर्भाशय बेचकीसारखे असते, एक दांडा आणि दोन फाटे. मला कुठेही फुगवटा लागला नाही. "मोकळी आहे," असे सांगून मी तिला माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले.

चौथ्या दिवशी तो माणूस पळसाच्या पानात काहीतरी घेऊन आला. "डॉक्टरसाब, घोडी मोकळी हाय म्हणलात ना तुमी? मंग हे काय हाय?"

पानात एक पातळ, पाणचट पडदा होता. लिंबाएवढी पिशवी फुटून चपटी झालेली. तिच्यात हरभऱ्याच्या घाट्याएवढा गर्भ होता. डोक्याच्या दोन बाजूंना डोळ्यांचे काळे ठिपके, चार पायांच्या जागी चार कोंब. मी तो पाण्याच्या वाटीत सोडून पाहिला. माझ्या इंजेक्शनाने घोडी गाभडली होती.

त्या माणसाला मी खरे सांगितले. तो रागावला नाही, नुसता बसून राहिला, आणि ते मला जास्त लागले. घोडी पुन्हा माजावर आली, घोडा दाखवला, पुढच्या वर्षी तिला शिंगरू झाले. पण ते पान डोळ्यांपुढून गेले नाही. या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो, त्याची सुरुवात तिथे आहे. माझा हात का चुकला, आणि त्या २९ दिवसांत आत काय काय होऊन गेले होते, हे मला कळून घ्यायचे होते. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

घोडीचे माजाचे चक्र साधारण २१ ते २२ दिवसांचे. त्यात माज पाच ते सात दिवस टिकतो. गाईसारखा अर्ध्या-पाऊण दिवसात आटोपत नाही. दिवस मोठा होऊ लागला, उजेड वाढला की घोड्या नियमित माजावर येऊ लागतात. थंड मुलुखात हिवाळाभर त्यांचे बीजांडकोश अगदी झोपलेले असतात. आपल्या अक्षांशावर हा फरक तितका कडक नसतो, तरी असतोच. घोडीचा बीजांडकोश घेवड्याच्या मोठ्या दाण्यासारखा असतो, आतल्या बाजूला खळगा असलेला. स्त्रीबीज बाहेर पडते ते फक्त त्या खळग्यातून. ज्या फोडातून ते पडते, तो फुटण्यापूर्वी ३५ ते ४५ मिलिमीटरचा झालेला असतो.

बीज बीजांडकोशाकडून गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीत उतरते, तिथे फळते. इथवर गाय आणि घोडी सारख्याच. इथून पुढे घोडीची वाट वेगळी होते.

घोडीत न फळलेले बीज नळीतच अडकून पडते. मागच्या माजाची, त्याच्या मागच्या माजाची वाया गेलेली बीजे तिथेच महिनोन्महिने विरत राहतात. गर्भाशयात उतरतो तो फक्त जिवंत गर्भ. त्याला कोण सोडते? तो स्वतःच. पाचव्या दिवसाच्या सुमारास हा उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा जीव प्रोस्टाग्लँडिन-ई नावाचे द्रव्य सोडू लागतो. त्याने नळीचे स्नायू सैलावतात आणि तो सहाव्या दिवशी गर्भाशयात येतो. गाईत गर्भ यापेक्षा दीड-दोन दिवस आधी उतरतो; घोडी त्याला थांबवून ठेवते, आणि आपण जिवंत आहोत याचा पुरावा त्याने दिल्यावरच वाट मोकळी करते. दोन्ही नळ्यांमधून आलेले दोन गर्भ असले तरी हाच नियम, प्रत्येकाने आपला पुरावा आपण द्यायचा.

गर्भाशयात आल्याबरोबर त्याच्याभोवती एक कवच तयार होते. साखर आणि प्रथिने यांचे बनलेले, काचेसारखे पारदर्शक, पण चिवट आणि लवचीक. हे कवच गर्भाला गोल ठेवते. गाईचा गर्भ पंधरा-सोळा दिवसांचा झाला की दोऱ्यासारखा लांब होऊ लागतो, डुकरिणीचा तर गजभर लांबतो. लांबून लांबून तो गर्भाशयाच्या भिंतीला सगळीकडे टेकतो. घोडीचा गर्भ मात्र चेंडूसारखा गोलच राहतो. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत कवच टिकते.

या कवचाशी आपल्याकडच्या एका अलीकडच्या यशाचाही संबंध आहे. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे आवार आहे. तिथे मारवाडी घोडीचा साडेसात दिवसांचा गर्भ धुऊन बाहेर काढला, दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात ठेवला, आणि २०२३ साली तिच्या पोटी २३ किलोची शिंगरी जन्मली. तिचे नाव राज-प्रथमा ठेवले. साडेसात दिवस हा मुहूर्त नेमका का, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. सहा दिवसांच्या आत गेलात तर गर्भ नळीतच, हाती लागत नाही. उशीर केलात तर तो मोठा होतो, कवच घट्ट होते, आणि गर्भ गोठवून ठेवायचा असेल तर गोठणापासून राखणारे द्रव त्या कवचातून आत शिरता शिरत नाहीत.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. नवव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत हा गोल गर्भ गर्भाशयात फिरतो. थोडाथोडका नाही. डाव्या फाट्याच्या टोकापर्यंत जातो, मागे येतो, दांड्यात उतरतो, उजव्या फाट्यात चढतो, पुन्हा परत. एका दिवसात दहाहून अधिक वेळा. स्वतःला हलवायला त्याच्यापाशी पाय नाहीत, शेपूट नाही. गर्भाशयाच्या आकुंचनाच्या लाटा त्याला ढकलतात, आणि त्या लाटा उठवणारी द्रव्ये तोच सोडत असतो.

हे कळले कसे? १९८० साली फ्रान्समध्ये पामर आणि द्रियांकूर यांनी पहिल्यांदा सोनोग्राफीने घोडीचा गर्भ पाहिला. त्याआधी पंधराव्या दिवशी पोटात काय आहे हे जिवंत घोडीत पाहता येत नसे. आणि १९८३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या ओ. जे. गिंथर यांनी पडद्यावर काळ्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या गर्भाचा माग काढून तो फिरतो हे दाखवून दिले. तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. हजारो वर्षे माणूस घोडी पाळत आला, शालिहोत्रासारखे ग्रंथ लिहिले गेले, आणि ही गोष्ट उजेडात यायला १९८३ साल उजाडावे लागले. मला याचे अजून नवल वाटते.

तो का फिरतो? बीज सुटल्यावर बीजांडकोशावर उरलेल्या जागी पीतपिंड तयार होते. ते प्रोजेस्टेरॉन स्रवते, आणि प्रोजेस्टेरॉन हाच गर्भाचा आधार. घोडी गाभण नसेल तर चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाची भिंत प्रोस्टाग्लँडिन-एफ सोडते, पीतपिंड विरते आणि घोडी पुन्हा माजावर येते. म्हणजे गर्भापुढे काम एकच, आणि त्याला मुदत आहे. चौदाव्या-सोळाव्या दिवसाच्या आत गर्भाशयाला कळवायचे की मी आहे, ते द्रव्य सोडू नकोस. घोडीत हे द्रव्य रक्तातून साऱ्या शरीरात फिरून बीजांडकोशाकडे पोचते. त्यामुळे गर्भाशयाच्या एखाद्या कोपऱ्याला निरोप मिळाला नाही तर तो कोपरा घात करू शकतो. गाईचा गर्भ लांबून सगळ्या भिंतींना टेकतो. घोडीचा गर्भ गोल, त्याला गल्लोगल्ली जावे लागते. आमच्या लहानपणी कोतवाल हलगी वाजवत दवंडी द्यायचा. चावडीपुढे एकदा वाजवून भागत नसे, वेशीपासून वेशीपर्यंत जावे लागे. तसेच हे.

हा नुसता तर्क नाही. १९८८ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी गर्भाशयाला टाके घालून गर्भाला थोड्याच भागात अडकवून ठेवले. गर्भ जिवंत होता, वाढत होता. तरी पीतपिंड विरले आणि गर्भ गेला. सगळीकडे फिरता आले नाही म्हणून गेला.

आता तो निरोप नेमका कोणता? गाईत तो सापडला आहे, इंटरफेरॉन-टाऊ नावाचे प्रथिन. डुकरिणीत इस्ट्रोजेन. घोडीत इतक्या वर्षांच्या शोधानंतरही तो कोणाला सापडलेला नाही. काहींना वाटते, ते द्रव्य नसून स्पर्शच असेल, गोल वस्तूचा भिंतीवरचा दाब. कारण माज दाबून ठेवण्यासाठी घोडीच्या गर्भाशयात काचेची गोटी ठेवली तर काही घोड्यांत पीतपिंडाचे आयुष्य खरोखर लांबते. पण सगळ्यांत लांबत नाही. म्हणजे गोटीला जे जमत नाही ते काहीतरी गर्भापाशी आहे. (ही काचेच्या गोटीची पद्धत कोणी सुचवली तर ऐकू नका. गोटी आत फुटते, विसरली जाते, आणि त्रास घोडी भोगते.)

सोळाव्या दिवशी फिरणे थांबते. गर्भ आता आवळ्याएवढा झालेला असतो, गर्भाशयाची भिंत ताठ होत गेलेली असते, आणि एका फाट्याच्या बुडाशी जिथे वळण असते तिथे तो अडकून बसतो. नळीतला वाकडा सांधा जसा बोराची बी अडकवतो तसे. वाढही तिथे थोडी थबकते. पुढचे आठ-दहा दिवस गोळ्याचा आकार फारसा बदलत नाही. एकविसाव्या दिवशी गोळ्याच्या तळाशी गर्भाचा बारीकसा उंचवटा दिसू लागतो. चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी त्यात हृदय लुकलुकताना सोनोग्राफीवर दिसते.

इथेच माझी चूक होती. गर्भ बसतो फाट्याच्या बुडाशी आणि त्याचा फुगवटा येतो खालच्या अंगाला, पोटाकडे. मी हात फिरवला होता वरून. शिवाय गर्भाशय ताठ, नळीसारखे घट्ट लागले होते, आणि तेच गाभणपणाचे लक्षण होते. हाताला ते जाणवलेही होते. त्याचा अर्थ मला येत नव्हता. हात खालून वळवला असता तर अर्ध्या लिंबासारखा फुगवटा लागला असता. आज मी तरुण पशुवैद्यांना पहिले हे सांगतो, आणि दुसरे हे, की खात्री नसेल तर प्रोस्टाग्लँडिनची कुपी उघडू नका. आठ दिवसांनी पुन्हा बोलवा. आठ दिवसांत कोणाचे काही जात नाही.

जुळ्यांबद्दल थोडे सांगतो, कारण गावात घोडीच्या पोटी जुळी आहेत असे कळले की लोक पेढे वाटायला निघतात. घोडीची वार गर्भाशयाच्या सगळ्या आतल्या पृष्ठभागावर पसरून पोषण घेते. जागा एकाची असते. दोघे आले तर दोघांनाही अर्धे मिळते, आणि बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात दोन्ही जातात, कधी घोडीलाही घेऊन. पुण्याच्या बाजूला शर्यतीच्या घोड्यांचे मोठे फार्म आहेत. तिथे चौदाव्या-पंधराव्या दिवशी प्रत्येक घोडीची सोनोग्राफी होते, आणि दोन गोळे दिसले तर ते फिरते असतानाच एकाला वेगळे गाठून बोटांनी दाबून फोडतात. ऐकायला कठोर वाटते. मलाही पहिल्या वेळी वाटले. पण दोन्ही जाण्यापेक्षा एक जगवणे, एवढाच तिथे पर्याय असतो, आणि सोळाव्या दिवसानंतर दोन्ही एकाच ठिकाणी बसले की तोही हातचा जातो.

पंचविसाव्या दिवसापासून चाळिसाव्या दिवसापर्यंतचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. गर्भाच्या आवरणावर एक फिकट पट्टा उमटतो, चेंडूला बांधलेल्या पट्टीसारखा. छत्तिसाव्या ते अडतिसाव्या दिवशी त्या पट्ट्यातल्या पेशी सुटतात आणि आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात. घुसून तिथे मूळ धरतात, आणि थोड्या दिवसांत अस्तरावर खोलगट वाट्यांचे कडे दिसू लागते. या वाट्यांतून एक संप्रेरक आईच्या रक्तात उतरते. १९३० साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात ते सापडले. पण वाट्या आईच्या, असेच चाळीस वर्षे सगळे समजत होते. १९७२ साली केंब्रिजमध्ये अ‍ॅलन आणि मूर यांनी दाखवले की त्या पेशी गर्भाच्या आहेत. गर्भाने आईच्या अंगात जाऊन थाटलेले ते ठाणे आहे. त्या संप्रेरकाच्या जोरावर आईच्या बीजांडकोशावर नवी पीतपिंडे उभी राहतात आणि प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा दुप्पट-तिप्पट होतो.

आणि आई? आईच्या शरीराला या पेशी परक्याच, कारण त्यांत अर्धा वाटा बापाचा. तिच्या पांढऱ्या पेशी वाट्यांभोवती गराडा घालतात. पण लगेच हल्ला करत नाहीत. साठाव्या-सत्तराव्या दिवसापर्यंत संप्रेरक भरभरून येत राहते, मग हळूहळू गराडा आवळतो, आणि चार-पाच महिन्यांत वाट्या झडून जातात. तोवर वार स्वतः प्रोजेस्टेरॉन करण्याइतकी कर्ती झालेली असते. घोडीच्या पोटी गाढवाचे बीज असेल, म्हणजे खेचर असेल, तर पट्टा बारीक असतो, वाट्या लवकर नष्ट होतात आणि ते संप्रेरक फार कमी असते. तरी खेचरे जन्मतात. पण शुद्ध गाढवाचा गर्भ घोडीच्या पोटात ठेवला तर वाट्या उमटतच नाहीत, आणि असे बहुतेक गर्भ तीन महिन्यांच्या आत जातात. बाप कोण याची खूण आईच्या अस्तरात इतकी स्पष्ट उमटते.

या संप्रेरकाचा एक दुःखद व्यापारही आहे. गाई-मेंढ्यांना माजावर आणण्यासाठी ते वापरतात. त्यासाठी उरुग्वे, अर्जेंटिना, आइसलँड या देशांत गाभण घोड्यांचे कळप पाळून पुन्हा पुन्हा त्यांचे रक्त काढले जाते. जे द्रव्य गर्भाने स्वतःच्या जगण्यासाठी निर्माण केले, ते असे ओरबाडून घेणे मला मान्य नाही, आणि हे जाहीरपणे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तुमच्या कामाची गोष्ट यातून अशी निघते. घोडी सदतिसाव्या दिवसानंतर गाभडली तरी वाट्या तशाच राहतात. संप्रेरक रक्तात येतच राहते. घोडी माजावर येत नाही, किंवा आली तरी फळत नाही, तीन-चार महिने. मालक म्हणतो, उलटली नाही म्हणजे गाभणच आहे. दिवस मोजत बसतो, बाजारात "गाभण घोडी" म्हणून विकतो किंवा विकत घेतो, आणि अकरा महिने झाले तरी काही नाही. मग घोडीला वांझ म्हणतात. माळेगावच्या बाजारात अशा कितीतरी घोड्या मी पाहिल्या. त्यांच्यात खोट नव्हती. त्यांचा गर्भ कधी गेला ते कोणाला दिसले नव्हते, एवढेच.

सगळ्या धरलेल्या गर्भांपैकी काही या पहिल्या चाळीस दिवसांत जाणारच. म्हाताऱ्या घोडीत जास्त. पण काही आपण घालवतो. पहिल्या दोन महिन्यांत घोडीला जोराचा पोटशूळ उठला, तर तिच्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन उसळते आणि पीतपिंड विरते. म्हणून चारा अचानक बदलू नका, बुरशीचा कडबा घालू नका, तोबऱ्यात हरभरा एकदम वाढवू नका. लग्नसराईत दिवसाला तीन वराती, बँडचा कल्लोळ, रात्रीचा टेम्पोतला प्रवास, हे चाळीस दिवस टाळता आले तर टाळा. मी जाणतो, लग्नसराई आणि माजाचे दिवस एकाच वेळी येतात, आणि घोडी हेच ज्याचे पोट आहे त्याला "कामावर लावू नकोस" म्हणणे सोपे नाही. निदान तपासणी तरी करा. पंधराव्या दिवशी एकदा, अठ्ठाविसाव्याला एकदा, चाळिसाव्याला एकदा. आणि व्याल्यावर शिंगराला पहिल्या दोन-चार तासांत चीक पाजा. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकाराची द्रव्ये पोटातल्या शिंगराला मिळत नाहीत. त्याला मिळतात ती सगळी चिकातून.

शेवटी एक दिवस सांगतो. निवृत्तीच्या आधीचे वर्ष. एका वरातीच्या घोडीवाल्याकडे, पत्र्याच्या तबेल्यात, हातात धरायचे छोटे सोनोग्राफी यंत्र घेऊन गेलो होतो. घोडी तेरा दिवसांची. मालकाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिच्या तोंडाशी उभा होता, नाकाडावरून हात फिरवत. यंत्राच्या पडद्यावर डाव्या फाट्यात काळा, गोल, बोराएवढा ठिपका दिसला. मी मुलाला बोलावून दाखवले. मालकाने चहा आणला. चहा पिऊन पुन्हा पाहिले, तर डाव्या फाट्यात काही नव्हते. मुलाचा चेहरा उतरला. मी हळूहळू दांड्यापर्यंत आलो, तिथून उजवीकडे वळलो. तिथे होता. तोच गोल, तेवढाच.

"तिकडं कशाला गेलं ते?" मुलाने विचारले.

"आईला सांगायला. मी आहे म्हणून."

"काय बोलून सांगतंय?"

"ते अजून कोणालाच सापडलेलं नाही," मी म्हणालो.

तो पडद्याजवळ वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने तबेल्याच्या पत्र्यावर खडूने तारीख लिहिली, तिच्यापुढे अठ्ठावीस आणि चाळीस असे दोन आकडे लिहून त्यांच्याभोवती गोल केले, आणि मला विचारले, "त्या दिवशी सकाळी येचाल का दुपारी?"